मिशिगनचा पहिला हिवाळा: स्वस्तात काय काय भरून ठेवावं?

साताऱ्याची_सई

नमस्कार मंडळी. ऑगस्टमध्ये आम्ही दोघं डेट्रॉइटजवळ कॅन्टनला राहायला आलो. पगार एक (मी एच-फोर या जोडीदाराच्या व्हिसावर), गाडी एक, आणि ती सकाळी नवऱ्याबरोबर जाते ती संध्याकाळीच परत येते. मला इथलं लायसन्स अजून मिळायचंय आणि मिळालं तरी बर्फात चालवायची हिंमत यावर्षी तरी होईल असं वाटत नाही. ऑफिसातल्या लोकांनी नवऱ्याला पार घाबरवून सोडलंय की जानेवारी-फेब्रुवारीत दोन दोन दिवस बाहेर पडता येत नाही, भाज्या महाग होतात, टोमॅटो तर नुसते रंगालाच लाल असतात वगैरे वगैरे. म्हणून म्हटलं सप्टेंबर आहे तोवर थोडी बेगमी करून ठेवावी.

पण इथे माझं गणितच बसत नाहीये. साताऱ्याला आई उन्हाळ्यात वर्षाचे गहू, तूरडाळ, तिखट, हळद सगळं भरून मोकळी होते, पण तिच्याकडे कोठ्या आहेत, गच्ची आहे, ऊन आहे. माझ्याकडे तिसऱ्या मजल्यावरचं दोन बेडरूमचं अपार्टमेंट, फ्रिजच्या डोक्यावरचा एवढासा फ्रीजर, स्वयंपाकघरात मोजून दोन कपाटं आणि एक बाल्कनी. किराण्याला महिन्याला ४०० डॉलरच्या वर जायचं नाही असं ठरवलंय, त्यातून ऑक्टोबरात फार तर शंभर-दीडशे जास्तीचे काढता येतील. शाकाहारी आहोत, अंडी चालतात.

तर आत्ता नेमकं काय स्वस्त मिळतं आणि ते टिकवायचं कसं? डाळ, तांदूळ, कणीक एकदम सहा महिन्यांची घ्यावी का? वेगळा फ्रीजर घेतलेला परवडतो का? जुन्या धाग्यांत शोधलं तर सगळे कुरडया-पापडांचे धागे निघाले, ते वाचून नुसती भूक लागली. अनुभवी लोकांनी सांगा प्लीज.

नोव्हायची_काकू

सई, आधी भीती काढून टाक. इथे हिवाळ्यात दुकानं बंद पडत नाहीत. कितीही बर्फ पडला तरी प्लाऊवाले रात्रीतून मोठे रस्ते साफ करतात आणि फार तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तू परत मायरमध्ये (इथलं मोठं किराणा दुकान) असशील. साठवायचं ते दोनच कारणांसाठी. एक म्हणजे जे आत्ता इथल्या शेतात निघतंय ते आत्ता स्वस्त आणि चवीला चांगलं आहे, जानेवारीत तेच कॅलिफोर्निया नाहीतर मेक्सिकोहून येतं. आणि दुसरं म्हणजे गाडी नसताना आठवडाभर तुझं अडायला नको. देशी (म्हणजे भारतीय किराण्याच्या) दुकानातल्या मालाला यातलं पहिलं कारण लागूच होत नाही. तूरडाळीला ऑक्टोबर काय आणि फेब्रुवारी काय, दिवाळीच्या सेलमध्ये कणीक, तांदूळ, तूप थोडं उतरतं तेवढंच.

तेव्हा तुझे जास्तीचे दीडशे डॉलर डाळीत घालू नकोस, भाजीत घाल.

एखाद्या शनिवारी नवऱ्याला घेऊन ईस्टर्न मार्केटला जा. डेट्रॉइट डाउनटाउनला लागून आहे, १८९१ पासून तिथेच भरतं, मोठमोठ्या शेड आहेत. सकाळी गेलीस तर माल चांगला, दुपारी बाजार उठायच्या वेळेला गेलीस तर भाव चांगला. पाटीवर लिहिलेल्या भावाला लगेच हो म्हणू नकोस, "सेकंड्स आहेत का" विचार. म्हणजे डागाळलेले, वेडेवाकडे, चिरा पडलेले टोमॅटो. ते टेबलावर मांडलेले नसतात, मागे खोक्यात असतात, विचारलं तरच काढतात. तिथे बुशेलचा हिशोब चालतो, एक बुशेल टोमॅटो म्हणजे साधारण ५३ पौंड, आपल्या मापात २४ किलो. दोघांच्या घरात ते आणलंस तर वेड लागेल, अर्धं बुशेल बास किंवा कुणाबरोबर तरी वाटून घे.

रोमा जातीचे घे, गर जास्त पाणी कमी. ज्यांच्याकडे जागा आहे ते लोक धुवून, कोरडे करून अख्खेच्या अख्खे गोठवतात, ब्लांच बिंच (उकळत्या पाण्यात बुडवून काढणं) काही लागत नाही, वापरायच्या वेळी नळाखाली धरला की साल आपोआप सुटून हातात येते. पण तुझ्या फ्रीजरमध्ये तेवढ्याने दार लागणार नाही. तू असं कर, चार फोडी करून मोठ्या पातेल्यात बिनापाण्याचे शिजव, मिक्सरमधून काढ, परत गॅसवर ठेवून निम्मं होईपर्यंत आटव. मीठ नको, फोडणी नको, काही नको. गार झालं की झिपलॉकमध्ये एका वेळच्या आमटीला लागेल तेवढंच भर, हवा काढून पिशवी आडवी करून गोठव म्हणजे चपटी होते, मग उभ्या ओळीने लावता येतात. अर्ध्या बुशेलचं एका छोट्या कप्प्यात मावतं. घरभर दोन दिवस टोमॅटोचा वास येतो तो सहन कर.

ऑक्टोबरच्या मध्याच्या आसपास आपल्याकडे पहिला फ्रॉस्ट (दव गोठवणारी थंडी) पडतो, त्याच्या आधी शेतकरी झाडावर उरलेले सगळे हिरवे टोमॅटो तोडून आणतात आणि अमेरिकन लोकांना त्याचं काय करायचं ते फारसं माहीत नसतं, त्यामुळे अगदी पडेल भावात मिळतात. दाण्याचं कूट आणि गूळ घालून भाजी कर, तीळ-मिरचीची चटणी कर. पांढरट पडायला लागलेले वेगळे काढून वर्तमानपत्रात गुंडाळून खोक्यात ठेव, ते नोव्हेंबरभर एकेक करत पिकतात. गर्द हिरवे कोवळे काही पिकत नाहीत, त्यांची चटणीच.

भोपळा! इथल्या बायका त्याचा पम्पकिन पाय (गोड सारणाचा भाजलेला पदार्थ) आणि सूप करतात पण आपल्याला याच्यात खरी चैन आहे. काबोचा म्हणून गडद हिरव्या सालीचा मिळतो तो आपल्या लाल भोपळ्याच्या सगळ्यात जवळ जातो. बटरनट त्याच्या खालोखाल, तो सगळीकडे मिळतो आणि सोलायला सोपा. देठ शाबूत असलेलाच उचल, देठ तुटला की तिथून सडायला लागतो. धुवायचा नाही, फ्रिजमध्ये ठेवायचा नाही, कपाटाच्या तळाशी गार कोपऱ्यात ठेवून द्यायचा, बटरनट दोन-तीन महिने सहज राहतो. एकॉर्न जातीचा भोपळा घेतलास तर तो आधी संपव. हॅलोविनला कोरायचे मोठे भोपळे नंतर फुकटात मिळतात पण मोहात पडू नकोस, पाणचट असतात, घारगे बिघडतात.

ढोबळी मिरची ब्लांच न करता चिरून गोठते. मक्याची कणसं आता सीझनच्या शेवटाला आहेत, मिळाली तर उकडून दाणे काढून ठेव. कोबीचा गड्डा वरची पानं न काढता प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून फ्रिजच्या खालच्या खणात ठेव, महिना दीड महिना काही होत नाही त्याला. गाजराचा पाला मात्र घरी आल्या आल्या कापून टाक. बाकी मग लिहिते, मुलीला आणायला जायचंय.

हिशोबी_मावळा

काकूंशी ९०% सहमत. जरा विरोधी सूर लावतो, हलके घ्या.

जुलै २०२३ मध्ये भारताने बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद केली तेव्हा इथल्या देशी दुकानांत काय झालं आठवतंय का? लोक सोना मसुरीच्या दहा दहा गोण्या गाडीत घालून नेत होते, दुकानदारांनी माणशी एक गोणी असे बोर्ड लावले. ती बंदी सप्टेंबर २०२४ मध्ये उठली, आणि आमच्या ओळखीत एकाच्या बेसमेंटमध्ये त्यातल्या गोण्या त्यानंतरही पडून होत्या, वर पोरकिडे फिरत होते. साठवणीचा मोठा खर्च दुकानात होत नाही, घरात फेकण्यात होतो.

म्हणून सई ताई, यादी करायच्या आधी एक महिना फक्त लिहून काढा की तुमच्या घरात किती डाळ, किती तांदूळ, किती कणीक लागते. दोन माणसांना महिन्याला दहा पौंड कणीक लागत असेल तर वीस पौंडाची एक पिशवी दोन महिने जाते, मग तीन पिशव्या एकदम आणून काय मिळवलं? होल व्हीट आहे, त्यात गव्हाचं तेल असतं, हीटिंग चालू असलेल्या गरम घरात चार-पाच महिन्यांनी कडवट लागायला लागते. शेंगदाणे, दाण्याचं कूट, सुकं खोबरं, जवस हे तर खवट व्हायला टपलेलेच असतात, ते फ्रिजमध्येच. पांढरा तांदूळ आणि अख्खी कडधान्यं मात्र वर्षभर राहतात, त्यांची मोठी पिशवी घ्यायला हरकत नाही.

फ्रीजरबद्दल. ज्या गोष्टी बारा महिने फ्रोझन स्वस्त मिळतात त्यांनी तो भरायचा नाही. मटार, पालक, भेंडी, ओलं खोबरं, तुरीचे दाणे, हे दुकानाने ऑलरेडी त्यांच्या विजेवर गोठवून ठेवलंय. लोक सेलमध्ये मटारच्या पाच पिशव्या आणतात आणि मग काकूंचा टोमॅटो ठेवायला जागा नाही.

वेगळा फ्रीजर: छोटा चेस्ट फ्रीजर (पेटीसारखा, वरून उघडणारा) दोनशे डॉलरच्या आसपास येतो, वापरलेला निम्म्यात. वर्षाला २०० ते २५० युनिट वीज खातो, म्हणजे मिशिगनच्या दराने चाळीस-पन्नास डॉलर. दोन शाकाहारी माणसं, पहिलं वर्ष, अपार्टमेंटचं अॅग्रीमेंट एका वर्षाचं. माझ्या मते नको. मूल झालं, घर घेतलं की बघा. कॉस्टकोच्या (मेंबरनाच मोठ्या पॅकमध्ये माल विकणारं दुकान) मेंबरशिपचंही तेच, वर्षाचे ६५ डॉलर वसूल व्हायला बरंच काही घ्यावं लागतं. कुणा मित्राबरोबर जाऊन महिन्याभराचं तेल, बदाम आणा आणि पैसे त्याला द्या.

लान्सिंगचा_पोऱ्या

मी ईस्ट लान्सिंगला मास्टर्स करतोय त्यामुळे "स्वस्तात" या विषयावर बोलायचा मला अधिकार आहे :)

सातारकर असून कुणीच घेवड्याचं नाव काढलं नाही? मिशिगनचा नकाशा हाताच्या पंजासारखा आहे ना, त्यातला अंगठा, ज्याला इथे थंबच म्हणतात, तो भाग ड्राय बीन्ससाठी अख्ख्या अमेरिकेत नावाजलेला आहे. काळ्या बीन्स, पांढऱ्या नेव्ही बीन्स, लाल छोट्या, आणि क्रॅनबेरी बीन्स म्हणून मिळतात त्यांच्यावर गुलाबी-तांबडे पट्टे असतात. तुमच्या कोरेगावच्या वाघ्या घेवड्याची आठवण येईल बघा. चव अगदी तीच नाही, पण गोडा मसाला, आमसूल आणि वर ओलं खोबरं घातलं की माझा सोलापूरचा रूममेट बोलायचं सोडून जेवतो. देशी दुकानातला राजमा आणि साध्या अमेरिकन दुकानातल्या मोठ्या पिशवीतल्या पिंटो किंवा काळ्या बीन्स यांचे पौंडाचे भाव एकदा शेजारी ठेवून बघा, मग कळेल. एक पौंड सुक्या बीन्सचे शिजून पाच-सहा कप होतात, दोघांना तीन वेळचं जेवण निघतं. डबाबंद कॅन घेऊ नका, पैसे पाण्याचेच जास्त.

फक्त एक, कुणी स्लो कुकर घ्यायला सांगितला तर लाल राजमा त्यात कच्चा टाकायचा नाही. त्यात एक विषारी द्रव्य असतं ते खळखळून उकळल्याशिवाय जात नाही आणि स्लो कुकर तेवढा तापतच नाही, उलट्यांनी माणूस हैराण होतो. रात्रभर भिजवा, ते पाणी ओता, नव्या पाण्यात कुकरला शिट्ट्या काढा, विषय संपला.

अवांतर पण कुणाच्या तरी उपयोगाचं: विद्यार्थी असाल आणि महिनाअखेर खिसा रिकामा असेल तर लाजू नका. मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीत स्टुडंट फूड बँक (गरजू विद्यार्थ्यांना फुकट किराणा) १९९३ पासून आहे, विद्यार्थ्यांनी विद्यार्थ्यांसाठी चालवलेली देशातली पहिली असं सांगतात. आता बऱ्याच युनिव्हर्सिट्यांमध्ये असते. आपली मुलं "आम्ही काय भिकारी आहोत का" म्हणून जात नाहीत आणि मग डिसेंबरभर मॅगी खातात.

साताऱ्याची_सई

बापरे, एवढे प्रतिसाद! काकू, तुमचा प्रतिसाद नवऱ्याला वाचून दाखवला, तो आत्ताच पातेलं कुठलं घ्यायचं ते बघतोय. पोऱ्या, वाघ्या घेवडा म्हणालास आणि डोळ्यांत पाणी आलं रे, आजोळ कोरेगावचंच माझं.

हिशोबी दादा, फ्रीजरचं पटलं, नाही घेत. पण मग मला वाटलं डिसेंबरपासून बाहेर निसर्गानेच फ्रीजर दिलाय की, बाल्कनीत खोकं ठेवून त्यात बटाटे, कांदे, सफरचंद ठेवली तर? आणि टोमॅटो, हिरव्या टोमॅटोची चटणी वगैरे बरण्यांत भरून माझ्या हॉकिन्सच्या कुकरमध्ये सील करता येईल का? यूट्यूबवर बायका करताना दिसतात, मग फ्रीजरची जागाच लागणार नाही.

थंडगार_नागपूरकर

बाल्कनीत कायले ठेवता बाप्पा! मी मिनेसोटात राहून राहिलो, इथं उणे पंचवीसही पाहिलं. बाल्कनी म्हणजे फ्रिज नाही अन् फ्रीजरही नाही. दुपारी ऊन पडलं की खोकं तापते, रात्री उणे पंधरा, सकाळी बटाटा दगड, अन् तो दगड वितळला की काळं पाणी. गाडीच्या डिकीत विसरलेल्या बटाट्याचंही तेच होते. शिवाय खारी आहेत, त्या खोकं कुरतडतात. नोव्हेंबरपर्यंत थंडी बेताची असते तोवर चालते, पुढं नाही.

बटाट्याले पाहिजे सात ते दहा डिग्री, अंधार, अन् हवा. फ्रिजमध्ये ठेवला की गोड पडते, तळला तर लवकर काळा होते. अपार्टमेंटमध्ये सगळ्यात गार जागा शोधा, बाहेरच्या भिंतीला लागून असलेलं कपाट, दाराजवळचं कोट टांगायचं क्लोजेट, जिथं हीटिंगचं व्हेंट नाही. स्वस्त थर्मामीटर घेऊन दोन दिवस ठेवून पहा. बावीस डिग्रीच्या स्वयंपाकघरात बटाट्याले महिन्याच्या आत कोंब येतात, त्यामुळं पन्नास पौंडाचं पोतं कितीही स्वस्त दिसलं तरी दोघांनी घेऊ नये, दहा पौंड घ्या अन् संपले की परत आणा. कांदा-लसूण कोरड्या जागी, बटाट्यापासून दूर, प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडून नाही. जुन्या पँटीहोजमध्ये (बायकांचे पातळ लांब मोजे) गाठी मारून टांगतात लोक, दिसाले वाईट दिसते पण टिकते.

सफरचंदं तुमच्या मिशिगनची एक नंबर. ऑक्टोबरात बागेत जाऊन स्वतः तोडता येतात पण तिथं एन्ट्री, ट्रॅक्टरची फेरी, सायडर, डोनट असं करत खिसा रिकामा होते. स्वस्त पाहिजे तर त्याच बागेच्या दुकानात डागी फळांची पिशवी मागा. टणक जात घ्या, फुजी, आयडारेड वगैरे, मॅकिंटॉश लवकर पिठूळ होते. फ्रिजमध्ये ठेवा, पण त्याच खणात गाजर नको, सफरचंदाच्या वायूने गाजर कडू पडते.

अन् एक, पुढं कधी घर घेतलं अन् जुना फ्रिज गॅरेजमध्ये टाकायचा विचार केला तर लक्षात ठेवा, गॅरेजच गार झालं की फ्रिजले वाटते आपल्याले काही कामच नाही, कॉम्प्रेसर बंद, अन् वरच्या फ्रीजरमधलं सगळं वितळते. थंडीत फ्रीजर वितळला म्हटलं तर लोक हसतात, पण होते.

दापोलीची_पोर

मी कोकणातून वाचतेय, बर्फ फक्त फोटोत पाहिलाय. पण बेगमी आमच्या हाडात आहे, आमच्याकडे पावसाळ्याची असते, गोव्यात तिला पुरुमेंत म्हणतात. तुम्हा लोकांना थंडीत एक सोय आहे ती कुणी बोललं नाही. मावशी शिकागोला असते ती सांगते की हीटिंगमुळे घरातली हवा इतकी कोरडी होते की ओठ फुटतात. मग त्या हवेचा उपयोग करा की! सांडगी मिरची, कोथिंबिरीच्या काड्या, कढीपत्ता, लिंबाची साल, आल्याच्या चकत्या, ताटात पसरून हीटिंगची गरम हवा येते त्या व्हेंटजवळ ठेवायच्या, मावशीचा कढीपत्ता दोन-तीन दिवसांत कुरकुरीत होतो. कुरडया करायला मात्र जाऊ नका, चीक आंबेल.

आणि मेथी. जुडी महाग पडते म्हणून लोक रडतात. मेथीदाणे तर घरात असतातच, ट्रेमध्ये बोटभर माती घालून दाट पेरायचे, खिडकीत ठेवायचे, मुंबईला वाळूतली मेथी मिळते तेवढी झाली की कात्रीने कापायची. पिठल्यात घाला.

तूरडाळीला आमच्याकडे एरंडेल चोळून ठेवतात, तिकडे तेलाची तूरडाळ तयार मिळते म्हणे?

हिशोबी_मावळा

@दापोलीची_पोर, मिळते, "ऑइली" लिहिलेलं असतं पाकिटावर. गरम पाण्याने दोनदा धुतली की झालं. पण इथे त्याहून सोपा उपाय आहे, कणीक, रवा, बेसन आणलं की पाकीट तसंच चार दिवस फ्रीजरमध्ये ठेवायचं, त्यात अंडी-अळ्या असतील तर मरतात. मग बाहेर काढून पाकीट न उघडता खोलीच्या तापमानाला येऊ द्यायचं, नाहीतर बाहेरची ओल आत धरते, आणि घट्ट झाकणाच्या डब्यात ओतायचं. रवा तर आपल्या आया भाजूनच ठेवायच्या, ते कधीही बेस्ट.

जंतूशास्त्री

बरण्यांचं कुणी उत्तर दिलं नाही म्हणून लिहितो, माझं कामच हे आहे. सई, साध्या कुकरमध्ये किंवा इन्स्टंट पॉटमध्ये (विजेवरचा कुकर) बरण्या सील करू नका. यूएसडीए (अमेरिकेचं शेती खातं) स्पष्ट नाही म्हणते. कॅनिंगला (बरण्या हवाबंद करून टिकवायला) गेजवालं वेगळं मोठं भांडं असतं, प्रेशर कॅनर, त्यात किती वेळ किती दाब हे पदार्थागणिक तपासून ठरवलेलं असतं. आंबट नसलेली भाजी बरणीत हवाबंद राहिली आणि आतपर्यंत पुरेशी तापली नसली की त्यात बोटुलिझमचा जंतू वाढतो, वासाने चवीने काही कळत नाही, आणि ते पोटदुखीवर थांबणारं दुखणं नाही. टोमॅटोसुद्धा आपण समजतो तेवढे आंबट नसतात, म्हणून कॅनिंग करताना क्वार्टच्या (साधारण एक लिटरच्या) बरणीला दोन टेबलस्पून बाटलीतला लिंबूरस घालायला सांगतात. तेलात बुडवलेला कच्चा लसूणही बाहेर ठेवायचा नाही, तीच गोष्ट. तुमची चटणी फ्रिजमध्ये ठेवा, आठवड्यात संपवा, उरलेली गोठवा.

लोणच्याची गोष्ट वेगळी, तिथे मीठ भरपूर असतं आणि ते कमी केलं नाही तर आपली जुनी रीत ठीक आहे. "हेल्दी" म्हणून मीठ निम्मं करणाऱ्यांनी मात्र फ्रिजमध्ये ठेवावं.

नोव्हायची_काकू

आले परत. थँक्सगिव्हिंग (इथला मोठा सण) राहिलं होतं. नोव्हेंबरचा चौथा गुरुवार. त्याच्या आधीच्या दोन आठवड्यांत सगळी मोठी दुकानं गिऱ्हाईक ओढायला काही वस्तू मुद्दाम पडत्या भावात लावतात, आपल्या कामाच्या त्यात चार-पाच तरी असतात: बटर, रताळी, बटाटे, मैदा, साखर, अक्रोड-पेकान. टर्कीवाले टर्की नेतात, आपण बटर न्यायचं. बिनमिठाचं घे, पाकिटासकट गोठतं, लागेल तसं एकेक पौंड काढून कढव. पौंडाला साधारण साडेतीनशे ग्रॅम तूप पडतं, देशी दुकानातल्या बरणीशी भाव ताडून बघ आणि बेरी खायला मिळते ती वेगळीच. काही दुकानं माणशी दोन पाकिटं एवढंच देतात, मग नवरा-बायकोने वेगवेगळ्या रांगेत उभं राहायचं, सगळे करतात.

रताळी घेताना बघून घे. नारिंगी असतात, त्यांना इथे यामसुद्धा म्हणतात, ती ओलसर मऊ, त्यांचा कीस गोळा होतो. आत पांढरी आणि बाहेर जांभळट मिळतात ती उपासाच्या किसाला चांगली, पण सेलमध्ये बहुतेक नारिंगीच असतात, त्यांची खीर कर.

आणि वीज. बर्फापेक्षा मला त्याची काळजी जास्त असते. फेब्रुवारी २०२३ मध्ये गोठणारा पाऊस झाला, झाडं तारांवर पडली आणि या भागात लाखो घरं अंधारात होती, काहींकडे कित्येक दिवस. गच्च भरलेला फ्रीजर दार न उघडता दोन दिवस टिकतो, अर्धा भरलेला एकच दिवस, आणि खालचा फ्रिज जेमतेम चार तास. त्यामुळे फ्रीजरमध्ये जागा उरली तर पाण्याच्या बाटल्या भरून गोठवून ठेव, डिसेंबरपासून बाल्कनीत तेवढंच काम करायचं, बर्फ बनवायचं. आणि चूल इलेक्ट्रिक असेल तर न शिजवता खाण्यासारखं काहीतरी घरात हवंच, दडपे पोहे, मेतकूट, चिवडा, दाण्याचे लाडू. आमच्या बिल्डिंगमधल्या अमेरिकन म्हाताऱ्या शेजारणीने त्या वेळी आमच्याकडे पोटभर दडपे पोहे खाल्ले, आता दर हिवाळ्यात विचारते की तो कोरडा भात कधी करणार.

साताऱ्याची_सई

सगळ्यांचे खूप आभार. तर ठरलं ते असं: फ्रीजर नाही, बरण्या नाहीत, बाल्कनीत फक्त बाटल्या. कणीक वीस पौंडाचीच, तांदळाची एक मोठी पिशवी, बीन्स दहा पौंड (पोऱ्या, क्रॅनबेरी मिळाल्या तर फोटो टाकते). दोन काबोचा, दोन बटरनट, अर्धं बुशेल टोमॅटो. कोटाच्या कपाटात थर्मामीटर ठेवलाय, आत्ता एकोणीस दाखवतोय, थंडीत बघू किती उतरतोय ते. बटरसाठी नोव्हेंबरला हा धागा परत वर काढीन.

कॅन्टन, नोव्हाय, फार्मिंग्टन साइडचं कुणी येत्या शनिवारी ईस्टर्न मार्केटला जाणार आहे का? एक बुशेल घेऊन निम्मं निम्मं करू.

नोव्हायची_काकू

आम्ही जातोय, व्यनि (खासगी निरोप) कर. दुपारी एकला तिथे पोचू. रिकामी खोकी आणि सुटे रोख पैसे घेऊन या, आणि मागच्या सीटवर जुनी चादर अंथरा, सेकंड्सचे टोमॅटो वाटेत गळतात.